ठेव आहे, कर्जही आहे, आणि दीर म्हणतात दुप्पट करू

या वेळचं पत्र मिरज तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका ताईंचं आहे. नाव-गाव त्यांच्या सांगण्यावरून वगळलंय, आकडे मात्र त्यांचेच.

“माझं वय ३१, मिस्टर ३४. ते कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराकडं कामाला आहेत, हातात १४ हजार येतात. मी घरी ब्लाऊज शिवते, महिन्याला साडेतीन हजार सुटतात, लग्नसराईत जास्त. लाडकी बहीणचे दीड हजार येतात. मुलगी साडेआठ वर्षांची, मुलगा चार. गावातल्या पतसंस्थेत पिग्मीतून जमवलेली ठेव आहे, दोन महिन्यांनी सुटेल तेव्हा व्याजासकट १ लाख २० हजार मिळतील. हजाराची भिशी आहे. गेल्या वर्षी मुलाच्या दवाखान्यासाठी गटातून मायक्रोफायनान्सचं ४० हजार कर्ज काढलं, दोन वर्षांचं, महिना २,११५ चा हप्ता. सोळा हप्ते राहिलेत. सासऱ्यांचा ३० गुंठे ऊस आहे, बिल आलं की थोडे देतात. फॉल-पिकोचं मशीन घ्यायचं मनात आहे, १४ हजाराला मिळतंय. आता दीर म्हणतात, ठेव सुटली की माझ्याकडं दे, सांगलीत एकजण शेअरमध्ये लावून दीड वर्षात दुप्पट करून देतो. त्यांना नाही कसं म्हणायचं? सरकारच्या एवढ्या बचतीच्या योजना आहेत म्हणतात, त्या आमच्यासारख्यांसाठी असतात का पगारदारांसाठी? आणि आमच्यासाठी असतील तर आमच्या हातात काही उरत का नाही?”

ताई,

दिरांचं शेवटी बघू. आधी तुमच्याच पत्रातले दोन आकडे शेजारी ठेवते. पतसंस्थेत सव्वा लाखाच्या आसपास ठेव आणि गटाचं ४० हजार कर्ज. ४० हजारांना २४ महिने २,११५ चा हप्ता म्हणजे व्याज वर्षाला २४ टक्के पडतंय. पतसंस्था ठेवीवर फार तर दहा-अकरा टक्के देत असेल. स्वतःचे पैसे दहा टक्क्यांनी दुसऱ्याला वापरायला दिलेत आणि दुसऱ्याचे चोवीस टक्क्यांनी तुम्ही वापरताय.

यावरून कुणी म्हणालं की बायकांना हिशेब कळत नाही, तर अजिबात ऐकून घेऊ नका. बँकेच्या काउंटरवर बसून मी अशी घरं खूप बघितलीत. ठेव मोडली असती तर दवाखान्याचं बिल भागवून उरलेली रक्कम घरात आली असती, आणि घरात आलेल्या रकमेला दहा वाटा फुटतात. विहिरीवरची मोटार जळते, नणंदेचं बाळंतपण निघतं, दिरांना गाडीचा हप्ता कमी पडतो. ठेव मुदतीत अडकलेली असली की ‘पैसे नाहीत’ हे खोटं न बोलता सांगता येतं. त्या सोयीपायी तुम्ही चोवीस टक्के व्याज सोसलंत. महाग पडलं, पण वेडेपणा नव्हता.

आता ‘हातात काही उरत का नाही’ याचं उत्तर यातच आहे. कर्ज द्यायला माणूस गावात येतो. कुणाच्या तरी ओसरीवर बायका जमतात, मोबाईलवर अंगठा लागतो, पैसे खात्यावर. हप्ता न्यायलाही तोच येतो, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आणि एखादीचा हप्ता चुकला तर बाकीच्या दहाजणी तिच्याकडं बघतात. बचत न्यायला मात्र बहुतेक एकटा पिग्मीवाला येतो. तुमची जी काही शिल्लक झाली ती त्याच्याच हातून झाली, हा योगायोग नाही. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ साली रोज दोन-दोन आणे घरोघर गोळा करायला सुरुवात केली, तीच ही पिग्मी. शंभर वर्षं होत आली, तरी हातावर पोट असणाऱ्यांसाठी त्याहून बरी रीत कुणाला सापडलेली नाही. आपल्या शेजारी म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून चालली ती याच हिशेबावर, की बाजारात बसणारी बाई बँकेत येणार नाही, बँकेनं तिच्याकडं जायचं.

सरकारच्या योजनांचं घोडं इथंच अडतं. पोस्टाच्या आरडीला, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या खात्याला, महिला अल्पबचत प्रतिनिधी असते, तिला चार टक्के कमिशन मिळतं, म्हणून ती दारात येते. पीपीएफ, म्हणजे पोस्टा-बँकेतलं लांब मुदतीचं सरकारी बचत खातं, त्यावरचं कमिशन २०११ मध्ये बंद झालं. मुलींच्या नावानं निघणाऱ्या सुकन्या समृद्धी खात्यावर तर कुणालाच काही मिळत नाही. त्यामुळं जिथं व्याज सगळ्यात चांगलं, ती खाती सांगायला तुमच्या दारात कुणी फिरकत नाही. विम्याची पॉलिसी घ्या म्हणणारे मात्र तिघेजण येऊन गेले असतील, होय ना?

योजना पगारदारांसाठीच असतात का, हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. पीपीएफमध्ये वर्षाला ५०० भरा नाहीतर दीड लाख, व्याज सारखंच. पण दीड लाख भरणाऱ्याला जुन्या करपद्धतीत आयकरात सूटही मिळत आली. तुम्हाला आयकरच नाही, मग सूट कसली? ज्याच्याकडं आधीच उरतं त्याला आणखी थोडं उरावं, अशीच आपल्या बहुतेक बचत योजनांची घडण आहे. आणि त्या बघतात वीस वर्षं पुढचं. मुलाला रात्री ताप चढला आणि दवाखान्यात २० हजार भरा म्हणाले, तर काय करायचं, यासाठी एकही बचत योजना नाही. त्यासाठी मायक्रोफायनान्स आहे.

म्हणून तुमच्यासाठी क्रम उलटा. आधी लागेल तेव्हा हाताशी येणारा पैसा, मग विमा, आणि सगळ्यात शेवटी ती वीस वर्षांची खाती.

ठेव सुटली की पतसंस्थेत पुन्हा ठेवू नका. पतसंस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ती माहीतही नाही. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. पाटीवर ‘सहकारी’ दोन्हीकडं असतं, त्यामुळं घोटाळा होतो; पुढं ‘बँक’ आहे का ‘पतसंस्था’ ते वाचा. या विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख होती, फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला, आणि ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण पैसे मिळतील असं सांगितलं. त्याआधी तीन वर्षं त्या बँकेवर निर्बंध होते आणि लोक आपल्याच पैशासाठी ताटकळले होते. म्हणून २०२१ मध्ये कायदा बदलला. आता बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते. तुमच्यासारख्या घराची बचत राखण्यासाठी अलीकडं झालेल्या कामांत मला हे सगळ्यात मोठं वाटतं. त्याची जाहिरात काही कुणी करत नाही.

पिग्मीवाल्या काकांना सोडायला जिवावर येईल, कळतं मला. मिरज-सांगलीतल्या काही सहकारी बँकांचीही पिग्मी असते, तुमच्या भागात कुणाची फिरते ते विचारा. सवय मोडू नका, पासबुक बदला.

आता १ लाख २० हजारांचं. पहिलं काम, कर्ज फेडा. दोन महिन्यांनी चौदा हप्ते उरतील, म्हणजे २९ हजार ६१० रुपये. त्यात मुद्दल साडेपंचवीस हजारांच्या आसपासच असेल. एकरकमी भरलंत तर चार हजार वाचतील. मुदतीआधी फेडलं म्हणून मायक्रोफायनान्स कंपनीला दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२२ पासून आहे. हप्ते नेणारा ‘चालू द्या की वहिनी, पुढं मोठं कर्ज मिळेल’ म्हणेल. त्याचंही टार्गेट असतं बिचाऱ्याचं. मुद्दल किती राहिलं ते लेखी मागा, भरा आणि कर्ज संपल्याचा दाखला घेतल्याशिवाय उठू नका.

हप्ता मात्र बंद करायचा नाही. ज्या तारखेला २,११५ जात होते त्याच तारखेला २,१०० रुपये बँकेच्या आरडीत जाऊ देत, खात्यातून आपोआप. दोन वर्षांत व्याज सोडून ५० हजार ४०० होतात. आठ महिने हा हप्ता तुम्ही भरलाच आहे, घर चाललंच आहे. त्यामुळं ‘परवडणार नाही’ हे मी ऐकून घेणार नाही. आरडी बँकेचीच घ्या. पोस्टाची पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. वर्षभर हप्ते भरल्यावर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं, पण पुन्हा कर्जच ते.

उरलेल्यातले ६० हजार बँकेत मुदत ठेवीत टाका, पण एकच पावती करू नका. वीस-वीस हजारांच्या तीन करा. अडीनडीला एक मोडली तर दोन शाबूत राहतात. साठ हजारांची एकच असली की वीस हजारांसाठी सगळी मोडावी लागते, आणि मोडलेल्यातलं उरलेलं काही परत ठेवीत जात नाही. काउंटरवरचा माणूस ‘एकच करा, लिहायला सोपं’ म्हणेल. ऐकू नका. तिन्हीवर वारस लावा.

विम्याचं थोडक्यात. ज्या बँकेत तुमचं खातं आहे तिथंच दोन फॉर्म भरायचे. प्रधानमंत्री जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, कशानंही मृत्यू आला तरी वारसाला २ लाख. सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. दोघांचे मिळून ९१२. रोज कुपवाडला दुचाकीवर जाणाऱ्या माणसाच्या घरात हे नसावं याचा मला राग येतो. पैसे मेअखेर खात्यातून आपोआप जातात. त्या आठवड्यात खात्यात तेवढी शिल्लक नसली तर विमा गेला, आणि असं किती घरांचं होतं! मेच्या पंधरा तारखेलाच पैसे टाकून ठेवा.

मिस्टरांच्या पगाराबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात पीएफचा शब्दच नाही.

‘हातात १४ हजार येतात’ असं लिहिलंत. हातात येण्याआधी काय कापलं जातं? वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात एवढ्या पगाराच्या माणसाचा पीएफ कापणं सक्तीचं आहे, ठेकेदाराकडचा असला तरी. ठेकेदारानं भरला नाही तर मूळ कंपनीनं भरायचा, कायदा तसाच आहे. मिस्टरांच्या पगारातून १२ टक्के, मालकाकडून १२ टक्के. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ पेन्शनला जातात, बाकीचे पीएफला. म्हणजे आपण जेवढे घालू तेवढेच दुसऱ्यानं घालायचे. एवढी चांगली बचत योजना पोस्टात नाही आणि बँकेतही नाही. शिवाय नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख विमा मिळतो, त्यासाठी कामगाराला वेगळा पैसा लागत नाही. सलग वर्षभर नोकरी झालेली असावी लागते, ठेकेदार बदलला तरी चालतं. कामगाराच्या बायकोला हे माहीत नसतं. बऱ्याचदा कामगारालाच नसतं.

तेव्हा एका रविवारी दोघं बसा. पगाराच्या पावतीवर पीएफचा यूएएन नंबर असतो, बारा आकडी. सरकारच्या उमंग ॲपवर तो टाकून पासबुक उघडा आणि दर महिन्याचा भरणा दिसतो का बघा. पावतीवर कपात आहे आणि पासबुकात नाही, असं आढळलं तर पीएफ कार्यालयात तक्रार करता येते. आधी पावत्यांचे फोटो काढून ठेवा, मग बोला. ठेकेदार बदलला की नवा नंबर काढून देतात, त्यात जुन्या खात्यातले पैसे मागं राहतात. असं झालं असेल तर एकाच नंबरात ओढून घ्या. वारस म्हणून तुमचं नाव आहे का तेही बघून घ्या. लग्नाआधी लागलेल्या पोरांच्या खात्यावर अजून आईचंच नाव असतं.

त्याच पावतीवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पाऊण टक्का कपात दिसते का, तेही बघा. असेल तर अख्ख्या घराचा दवाखाना त्यात आहे, आणि मिस्टर आजारी पडून रजेवर गेले तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. मुलाच्या दवाखान्यासाठी ४० हजार काढलेत, तेव्हा हे कार्ड घरात होतं का? कपात नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ती यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कुठल्या रुग्णालयात योजना आहे ते आजच, सगळे धडधाकट असताना, विचारून ठेवा. दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. ऐन वेळी रात्री अकरा वाजता कुणी शोधत बसत नाही, जवळचं गाठतो आणि गटात कर्ज मागतो.

आता मुलगी. साडेआठ म्हणजे सुकन्या समृद्धी खात्याला तुमच्याकडं दीडच वर्ष आहे, दहा पूर्ण झाल्यावर खातं निघत नाही. हे खातं म्हणजे दर महिन्याचा हप्ता, अशी समजूत करून घेऊन बायका घाबरतात. तसं काही नाही. वर्षाला कमीत कमी २५० भरले की खातं चालू. जास्तीत जास्त दीड लाख, वर्षातून कितीही वेळा, वाटेल तेव्हा. एखाद्या वर्षी नाही भरलं तर ५० रुपये दंड भरून पुन्हा चालू करता येतं. म्हणजे शिवणकाम आणि ऊसबिल यावर चालणाऱ्या घराला हे खातं नेमकं बसतं. लग्नसराई संपली की थोडे, सासऱ्यांनी ऊसबिलातले दिले की थोडे. जानेवारी २०२४ मध्ये याचा दर ८.२ टक्के झाला, लहान बचतीत त्याहून वरचा दर कुठं नाही. पंधरा वर्षं भरायचे, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी खातं संपतं, आणि मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. ठेवीतले १० हजार टाकून उघडा. खातं मुलीच्या नावावर असल्यामुळं त्यावर कुणाची नजर जात नाही, हाही फायदा मोजा. पोस्ट लांब असेल तर पोस्टमनला विचारा. पोस्टाच्या पेमेंट बँकेचं खातं असेल तर सुकन्याचे पैसे त्यातून भरता येतात आणि त्याच्याकडं मशीन असतं. दारात येणारा असा एक माणूस सरकारकडं आहे खरा, लोकांना माहीत नाही.

पेन्शनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बँकेत गेलात की अटल पेन्शनचा फॉर्म पुढं येईलच. तुमच्या वयाला महिना ६३० भरले तर साठीनंतर महिना ५ हजार. मोठे वाटतात ना? महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर २९ वर्षांनंतरचे ते पाच हजार आजच्या नऊशेच्या आसपास भरतात. योजना फसवी नाही, तुमच्यामागं नवऱ्याला तेवढीच पेन्शन आणि दोघांमागं वारसाला रक्कम मिळते; पण ‘म्हातारपणाची सोय झाली’ म्हणून निवांत होण्याएवढी ती नाही. तुमच्यासाठी मला श्रमयोगी मानधन जास्त बरी वाटते. असंघटित काम करणाऱ्या, महिना १५ हजारांच्या आत कमावणाऱ्या १८ ते ४० वयाच्या माणसाला ती मिळते. तुमच्या वयाला महिना सव्वाशेच्या आतच पडते आणि सरकार तेवढेच घालतं, साठीनंतर ३ हजार. सीएससी केंद्रात, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रात, चौकशी करा. मिस्टरांचा पीएफ असेल तर त्यांना ती मिळणार नाही. आणि हे सगळं आरडी सुरू होऊन सहा महिने झाल्यावर. आधी नाही.

या भर घालण्यावरूनच सरकारचं बोलते. गरिबाच्या बचतीत सरकारनं स्वतः पैसे टाकायचे, हे आपल्याकडं झालेलं आहे. २०१० च्या स्वावलंबन योजनेत वर्षाला हजार रुपये सरकार टाकायचं. अटल पेन्शनमध्ये सुरुवातीला आलेल्यांना पाच वर्षं वर्षाला हजारापर्यंत भर होती, नंतर आलेल्यांना नाही. आणि हे सगळं पेन्शनसाठी, म्हणजे साठीपर्यंत हात न लावता येणाऱ्या पैशासाठी. तुमच्या वीस हजारांच्या तीन पावत्यांवर दोन-चार टक्के कुणी वर घातले असते तर मायक्रोफायनान्सची निम्मी गिऱ्हाइकं कमी झाली असती, असं माझं मत आहे. लाडकी बहीणचे दीड हजार खात्यात पडतात, त्या फॉर्मवरच ‘यातले दोनशे दर महिन्याला आरडीत टाका’ असा एक चौकोन असता तर? खूण करायची की नाही, ते बाईवर सोडायचं. एवढ्यानं किती पैसा जमला असता! व्याजदराचं तर विचारूच नका. लहान बचतीचे दर दर तिमाहीला ठरतात. ३१ मार्च २०२१ च्या रात्री ते कमी केल्याचं जाहीर झालं, पीपीएफ ७.१ वरून ६.४ वर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘नजरचुकीनं झालं’ म्हणून मागं घेतलं. नेमका एक एप्रिल होता. पै-पै साठवणाऱ्यांनी ती रात्र कशी काढली असेल, ते दिल्लीला कोण सांगणार.

आणि एक सोपी गोष्ट, जिला कुणी बचत योजना म्हणत नाही. ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. बिल वेळेवर आलं तर सोसायटीचं कर्ज वेळेवर फिटतं, दुकानदाराची उधारी वाढत नाही. नवी योजना काढण्यापेक्षा एवढं पाळलं तरी तुमच्या सासऱ्यांच्या हातात जास्त उरेल.

लाडकी बहीणच्या पैशावर लांबचा कुठलाच हप्ता बांधू नका. नियम बदलतात, केवायसी अडकते. आले की पिग्मीत किंवा सुकन्यात टाका, नाही आले तर काही अडलं नाही, असं ठेवा. भिशी चालू द्या. व्याज मिळत नाही म्हणून तिला नावं ठेवणारे बरेच. पण हजाराची आहे, ओळखीतली आहे, आणि महिन्यातून एकदा बायका एकत्र बसतात. तुमचा नंबर लवकर येईल असा बघा, एवढंच.

राहिले दीर. दीड वर्षात दुप्पट. सरकारच्या किसान विकास पत्रात ७.५ टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, साडेनऊ वर्षांहून जास्त. जो माणूस तेच अठरा महिन्यांत करतो म्हणतो, त्याला तुमच्या १ लाख २० हजारांची गरज का पडावी? परवानगी नसताना लोकांकडून ठेवी गोळा करणं २०१९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा वेगळा कायदाही आहे. पण कायद्यानं पैसे परत मिळेपर्यंत तुमची मुलगी कॉलेजला जाईल. सुरुवातीचे दोन-तीन महिने हे लोक नेमानं व्याज देतात. दिरांना ते मिळालं असेल, म्हणून ते मनापासून सांगतायत. त्यांचा हेतू वाईट आहे असं धरू नका. ‘शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचं नोंदणीपत्र आहे का, तेवढं बघून घ्या भाऊजी, तुमचेही पैसे आहेत त्यात,’ एवढं एकदा म्हणा. ते तपासायला गेले तर त्यांचेही वाचतील.

पण तुम्हाला हवंय ते ‘नाही’ म्हणायचं कसं. वाद घालून तुम्ही जिंकणार नाही, एका घरात राहायचंय. म्हणून फॉल-पिकोचं मशीन घ्याच. एरवी मी ‘आधी साठवा’ म्हणाले असते. पण दर साडीला पिकोचे पैसे तुम्ही बाहेर देत असाल, तर ते मशीन लग्नसराईच्या एका हंगामात बरंचसं फिटेल, आणि व्याजाच्या कुठल्याच योजनेत तेवढं सुटत नाही. आधी ग्रामपंचायतीत किंवा सीएससी केंद्रात कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेसाठी विचारून बघा. शिंपीकाम त्यातल्या अठरा कामांत आहे, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर मिळतं, आणि पुढं कर्ज लागलंच तर पहिलं एक लाख ५ टक्क्यांनी. चोवीसच्या ऐवजी पाच. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, तेव्हा घरात कुणी आधी नोंदणी केली आहे का ते बघा. वेळ लागणार असं दिसलं तर थांबू नका, स्वतःच्या पैशातून घ्या.

ठेव ज्या दिवशी सुटेल त्याच दिवशी बँकेत जा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. मिस्टरांना अर्धा दिवस सुट्टी काढायला सांगा, दोघांनी मिळून जा. कर्ज फेडा, तीन पावत्या करा, पोस्टात मुलीचं खातं उघडा, येताना मशीन घेऊन या. संध्याकाळी दीर आले की चहा द्या आणि सांगा, भाऊजी, गटाचं कर्ज फेडलं, पोरीच्या नावानं पोस्टात टाकले आणि हे मशीन घेतलं, आता हातात काही नाही. शब्दन्‌शब्द खरं असेल.